पोट काढलेली भिंत आणि तिची दुरुस्ती

कोकणात उतारावर घर बांधायचं तर आधी डोंगर कापावा लागतो. कापलेल्या बाजूला मातीचा उभा कडा उरतो, दुसऱ्या बाजूला भराव पडतो आणि दोन्हीकडे माती अडवणारी भिंत लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. या भिंती पडतात त्या याच दिवसांत. पडल्यावर मालकाला सिमेंट कमी घातल्याचा संशय येतो, मिस्त्री पायाकडे बोट दाखवतो. दोन्ही कारणं कधीकधी खरी असतात. पण बहुतेक पडक्या भिंतींमागे पाणी कोंडलेलं असतं आणि त्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते.

दहा फूट उंचीची भिंत घ्या. मागे चांगला कोरडा मुरूम असेल तर तिच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा आडवा रेटा येतो. त्याच मुरुमात वरपर्यंत पाणी भरलं की तो सहा टनांच्या घरात जातो आणि त्यातले साडेचार टन नुसत्या पाण्याचे असतात. भिंत तीच, दगड तेच, ओझं दुपटीहून जास्त. उंचीचा हिशेब तर याहून कडक आहे. पाच फुटांच्या भिंतीवर थर चढवून ती आठ फुटांची केली की रेटा अडीच पट होतो. अंगण वाढवण्याच्या हौसेने हे गावोगाव चाललं आहे आणि ते पाहून जीव खाली-वर होतो.

जुना गडगा का टिकला, हेही यातूनच कळतं. गडगा सिमेंटशिवाय रचलेला असतो, त्यामुळे सांध्यासांध्यातून पाणी झिरपून जातं आणि मागे साचत नाही. हल्ली तो नीटनेटका दिसावा म्हणून सांधे सिमेंटने भरतात, वर गिलावा करतात. दोन-तीन पावसाळ्यांत मग तो मधूनच फुगतो. ‘भिंतीनं पोट काढलं’ असं गवंडी म्हणतात ते हेच.

हा विषय फक्त अंगणाच्या शोभेचा नाही. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. वरच्या पार्किंगमधल्या गाड्याही भिंतीबरोबर खाली आल्या. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत पडून तीसच्या आसपास बळी गेले. दोन्ही ठिकाणी पावसाची झड लागलेली होती आणि भिंतीच्या पायथ्याशी लोक झोपलेले होते. तुमच्या भिंतीखाली कोणाची पडवी, कोणाचा गोठा आहे, हे दुरुस्तीच्या खर्चाआधी पाहा.

आधी भिंत वाचा

हे काम दिवाळीनंतर सुरू करावं, कारण तेव्हा माती निथळलेली असते आणि हाताशी सहा महिने असतात. मे महिन्याच्या शेवटी भिंत उघडून बसणं म्हणजे संकट घरी बोलावणं.

भिंतीच्या माथ्यावरून दर सहा फुटांवर ओळंबा सोडा. वर, मध्ये आणि खाली दोरीपासून भिंतीचं अंतर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. पट्टी तडकली की भेग अजून हलते आहे. वीस वर्षांपूर्वी दोन इंच कललेली आणि तिथेच थांबलेली भिंत आणखी वीस वर्षं उभी राहू शकते. यंदा अर्धा इंच हललेल्या भिंतीची मात्र आजच काळजी करायला हवी. किती कलली यापेक्षा कलणं चालू आहे का, हे महत्त्वाचं.

कुठे बिघडलं हे भिंत स्वतःच सांगते. मध्ये पोट आलं असेल तर मागे पाणी आहे, किंवा दर्शनी आणि मागच्या दगडांना सांधणारे लांब बांधदगड घातलेले नाहीत. वरचं टोक पुढे झुकलं असेल तर तळाची रुंदी उंचीला अपुरी आहे. सगळी भिंत सरळच्या सरळ पुढे सरकली असेल तर पाया उथळ आहे किंवा समोरची माती कोणीतरी खणून नेली आहे. पाइपलाइनसाठी भिंतीच्या पायथ्याला चर मारणं हे याचं नेहमीचं कारण. भिंतीमागे आठ-दहा फुटांवर जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग दिसली, वरची झाडं तिरकी झाली, खालची जमीन फुगून वर आली, तर नुसती भिंत नव्हे, अख्खा उतारच सरकतो आहे. तिथे गवंड्याला हात लावू देऊ नका. खालच्या माणसांना हलवा, तहसील कार्यालयाला किंवा १०७७ या जिल्हा आपत्ती क्रमांकावर कळवा आणि भू-तंत्र अभियंत्याला बोलवा. कोकणात जांभ्याच्या थराखाली पांढुरकी-गुलाबी चिकणमाती असते. ती भिजली की वरचा सगळा थर तिच्यावरून घसरू शकतो.

भिंत चार फुटांहून उंच असेल, किंवा तिच्या माथ्याजवळ घर, रस्ता, पाण्याची टाकी असेल, तर आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरचाच घ्या. त्याची फी वाचवू नये. पुढची कृती कमी उंचीच्या भिंतीसाठी आहे. मोठ्या कामातही क्रम हाच राहतो, म्हणून मालकाला तो ठाऊक हवा.

मग पाणी तोडा

भिंतीच्या एकाही दगडाला हात लावण्याआधी वरचं पाणी वळवा. कौलांची पागोळी भिंतीच्या मागे पडते का? मोरीचं सांडपाणी माडाच्या आळ्यात किंवा अळवाच्या वाफ्यात सोडलंय आणि तो वाफा नेमका भिंतीच्या काठावर आहे का? शोषखड्डा किती जवळ आहे? नळाचा सांधा गळतो का? यातलं एक तरी बहुतेक घरांत सापडतं. पावसाळा चार महिन्यांचा असतो, मोरीचं पाणी बारमाही. पन्हळी लावा, वाफा हलवा, शोषखड्डा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर तरी न्या. भिंतीच्या माथ्यामागे काठाला समांतर सिमेंटचा चर करा आणि त्याला बाजूच्या वहाळाकडे उतार द्या. मातीचा उघडा चर नको, तो पाणी मुरवतो. काठावर रचलेली लाकडं, चिऱ्यांचे ढीग, उभी केलेली गाडी हलवा. काठापासून भिंतीच्या उंचीइतकं अंतर मोकळं असावं.

भिंत हलत नसेल, नुसती ओल आणि बारीक भेगा असतील, तर एवढ्यावर आणि पुढच्या भोकांवर काम भागतं. पुष्कळ लोक हे न करता थेट पाडापाडीला लागतात आणि नव्या भिंतीमागेही तोच अळवाचा वाफा ठेवतात.

उभ्या भिंतीला भोकं

कोअर कटर भाड्याने आणून चार इंची भोकं पाडावीत. हातोडा-छिन्नीने भिंत हादरते. खालची रांग समोरच्या जमिनीपासून फूटभर वर, त्यावरची चार-पाच फुटांवर, आणि दोन भोकांतलं आडवं अंतरही तेवढंच. वरच्या रांगेतली भोकं खालच्या दोन भोकांच्या मध्ये यावीत. प्रत्येक भोकाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. सुरुवात खालच्या रांगेतून करा, एका वेळी एकच भोक पाडा आणि पाडणाऱ्याने समोर नाही, बाजूला उभं राहावं, कारण कोंडलेलं पाणी जोरात येतं. ते थांबल्यावरच पुढचं भोक.

त्यात तीन इंची पीव्हीसी पाइप असा घाला की आतलं टोक मातीत फूट-दीड फूट जाईल. या आतल्या भागाला बारीक भोकं पाडून त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळा आणि तोंडही त्याच कापडाने बांधा. कापड नसेल तर पाण्याबरोबर माती येते, मागे पोकळी तयार होते आणि वरचं अंगण खचतं. जुन्या साडीने काम भागणार नाही, ती वर्षभरात कुजते किंवा चिकटून बंद होते.

गडग्याचे सिमेंटने भरलेले सांधे असतील तर खालच्या तीन-चार थरांचे तरी खरवडून मोकळे करा.

पाडून बांधायची वेळ आली तर

पोट आलेल्या भिंतीला बाहेरून आधाराची दुसरी भिंत चिकटवणं हा लोकप्रिय उपाय आहे आणि बहुधा वाया जातो. नवा पाया खणताना जुन्या भिंतीच्या पुढच्या टोकाचा आधार निघतो, म्हणजे भिंत पडायला जे हवं तेच आपण करतो. फुगलेला भाग उतरवूनच बांधावा.

भिंत वरून खाली उतरवा, कधीही खालून नाही. एका वेळी सहा-आठ फुटांचाच तुकडा घ्या आणि तो पुरा बांधून झाल्यावर शेजारचा सोडून पुढचा घ्या. भिंतीमागची माती निदान पंचेचाळीस अंशाच्या उतारात कापा. भुसभुशीत असेल तर आणखी सपाट. कापलेली माती काठावर टाकू नका. उभ्या कापलेल्या मातीच्या आणि भिंतीच्या मधल्या घळीत माणूस उतरवायचा नाही, मुकादमाला कितीही घाई असली तरी.

पाया समोरच्या जमिनीखाली दोन ते तीन फूट, मऊ भराव सोडून कडक मुरमात किंवा जांभ्यात. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी ते दोन तृतीयांश, म्हणजे सहा फुटांच्या भिंतीला तीन ते चार फूट. हा आकडा ऐकून मालक दचकतो. पण नऊ इंची एकेरी चिऱ्याची कंपाउंडची भिंत माती अडवण्यासाठी नसतेच, आणि पडलेल्यांमध्ये तिचाच भरणा जास्त. पायाचा तळ डोंगराकडे किंचित उतरता ठेवा. दर्शनी बाजू सहा फुटांना फूटभर आत झुकती घ्या.

दगड काळा मिळाला तर उत्तम. जांभा घ्यायचा तर खणखणीत वाजणारा आणि काही दिवस उन्हात सुकलेला घ्या. पिवळट, नखाने खरवडला जाणारा चिरा ओलीत भुगा होतो. मोठे दगड तळाला आणि दर पाच-सहा चौरस फुटांना एक बांधदगड. तो पुरेसा लांब मिळत नसेल तर आतून-बाहेरून दोन दगड एकमेकांवर चढवून साखळी करा. मधली पोकळी मातीने भरणारा गवंडी लगेच थांबवा, तिथे दगड आणि चिपाच जातात. चुन्या-सिमेंटशिवाय कोरडी बांधणी करणारे जुने हात तुमच्या गावात असतील तर चार फुटांपर्यंत त्यांनाच काम द्या. असे हात कमी होत चालले आहेत आणि त्यांच्या कामाला मी सिमेंटच्या भिंतीपेक्षा जास्त मानतो. जीआय तारेच्या जाळीत दगड भरून केलेली गॅबियन भिंत हाही चांगला पर्याय आहे. ती थोडी वाकते, पण फुटत नाही, आणि पाणी अडवत नाही. सिमेंटमध्ये बांधत असाल तर पाण्याचे पाइप थर चढतानाच बसवा आणि निदान दहा दिवस पाणी मारा.

भिंतीचा खरा जीव तिच्या मागे असतो. तळाशी, भिंतीला लागून, चार इंची भोकांचा पाइप शंभराला एक उतारात टाका आणि त्याचं टोक भिंतीच्या शेवटाला उघड्यावर काढा. त्याच्याभोवती आणि वर माथ्याच्या फूटभर खालपर्यंत धुतलेली २० ते ४० मिलिमीटरची खडी, निदान फूटभर जाडीची. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल. ट्रकमधून आलेली धुळीची खडी तशीच टाकली तर दोन वर्षांत बसते, म्हणून धुवून घ्या.

भिंत सुकायला दोन आठवडे द्या आणि मगच मागे भरा. भराव मुरमाचा असावा, काळ्या चिकण मातीचा नको. ती भिजली की फुगते आणि स्वतःचाच वेगळा रेटा देते. देशावर घाटमाथ्याच्या पलीकडे भिंती पडण्याचं हे मोठं कारण आहे. सहा इंचांचा एकेक थर टाका, किंचित ओलवा आणि धुमसाने ठोका. भिंतीपासून तीन फुटांच्या आत रोलर किंवा जेसीबी येऊ देऊ नका, नवी भिंत यंत्राच्याच दाबाने कलते. सगळ्यात वर फूटभर घट्ट माती, तिला भिंतीपासून मागच्या चराकडे उतार.

काठावर वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि भिंतीला ढकलत नाहीत. सांध्यात उगवलेलं वडा-पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढा. जाड झालेलं खेचू नका, दगड निखळतील. ते मुळाशी कापायचं, पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं.

पहिल्या मोठ्या सरीत, भिंतीसमोर न थांबता बाजूने, कोणत्या पाइपातून पाणी येतं ते पाहा. शेजारचे वाहत असताना एखादाच कोरडा असेल तर त्यात गज हळूच फिरवा. आतलं कापड फाटू देऊ नका. सुरुवातीला थोडं गढूळ पाणी येईल, पण दिवस-दोन दिवसांत ते स्वच्छ व्हायला हवं. नाही झालं तर मागची माती वाहते आहे. त्या जागी वर ताडपत्री अंथरून पाणी बाजूला काढा, पायथ्याशी कोणाला बसू-झोपू देऊ नका, जागा वहीत टिपा आणि पाऊस ओसरल्यावर तेवढाच भाग वरून उघडून कापड नव्याने बसवा.