‘यही तो असली मिट्टी है, भिया!’

पु-अर हा चीनचा मुरवलेला चहा जितका जुना तितका महाग, आणि विकणाऱ्याचं फावतं ते नेमकं इथेच. इंदूरच्या एका ‘शौकीन’ गृहस्थाने प्रस्तुत लेखकाच्या गळ्यात या चहाची जी दाबलेली चकती मारली, तिच्या कागदावर आठ लाल चिनी अक्षरांचं कडं, मधोमध एक हिरवं अक्षर आणि ७५७२ हा आकडा होता. ‘पचहत्तर का माल है,’ असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. पैसे रोख घेतले. पावतीचं नाव काढल्यावर मात्र त्याच्या भावना दुखावल्या.

त्या आकड्याचं गणित साधं आहे. पहिले दोन अंक पानांच्या मिश्रणाची कृती कोणत्या सालची ते सांगतात, तिसरा पानाची प्रत आणि चौथा कारखाना. २ म्हणजे युन्नान प्रांतातला मंगहायचा कारखाना. १९७५च्या कृतीने त्या कारखान्याचा चहा अजूनही निघतो, त्यामुळे ७५७२ची चकती परवाची असू शकते. लाल-हिरवा कागद तर चीनच्या सरकारी चहा कंपनीचा. कित्येक वर्षं निरनिराळ्या कारखान्यांचा माल त्याच एका छापाच्या कागदात बांधला जायचा, आणि नकला करणाऱ्यांनीही तो मनसोक्त छापला. चहाच्या शौकिनाला हे ठाऊक नसेल, यावर विश्वास कसा ठेवायचा?

‘रंग देखो, कितना काला है!’ हा त्याचा दुसरा पुरावा. पु-अर दोन जातींचा असतो. कच्चा, म्हणजे ‘शंग’, उन्हात वाळवलेल्या पानांच्या चकत्या करून वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. तो हिरवट-पिवळ्यावरून हळूहळू तांबूस, मग तपकिरी होतो. एवढा धीर बाजाराला नव्हता. म्हणून १९७३च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात पानांचे ढीग ओले करून, झाकून, अधूनमधून उलथवत आंबवण्याची रीत बसवली गेली. या पिकवलेल्या ‘शू’ चहाला दीड-दोन महिन्यांतच काळाकुट्ट रंग येतो. ७५७२ हा याच जातीचा. म्हणजे रंगावरून त्याचं वय काढणं हे कलप लावलेल्या केसांवरून वय काढण्यासारखं.

खरा उलगडा चकती फोडताना झाला. कडेने चपटी सळई घालून थर उचकटावा लागतो. चांगल्या चकतीची पानं थरांनी, अख्खी सुटतात. इथे कडेचा तुकडा खडखडीत कोरडा, आणि आत, मधल्या खळग्याभोवती, राखाडी-हिरवट लव. बोट लावलं तर भुकटी उडाली. वास बंद घरातल्या ओलसर भिंतीचा. लेखकाने फोटो काढले, त्या गृहस्थाला पाठवले. उत्तर लगेच आलं: ‘यही तो असली मिट्टी है, भिया! आपको आदत नहीं है।’

त्या ‘आदत नहीं है’चा राग अजून गेलेला नाही. मातकटपणा हा या चहाचा गुण आहे, हे कबूल. पण चांगल्या शू चहाला ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा, कधी खजुराचा वास येतो, आणि घोट गिळल्यावर घसा मऊ राहतो. नव्या शू चहाला ढिगाचा किंचित मासळीसारखा वास असतो. तो वर्ष-दोन वर्षं हवा लागली की उतरतो. बुरशीचा कुबट वास मात्र नाकाच्या मुळाशी बसतो, घशाला खरखर लावतो, आणि चहा कितीही धुतला तरी जात नाही. अशी चकती सरळ टाकून द्यावी. झळ लागते, पण टाकावी.

चांगला पु-अर करायची पद्धत अवघड नाही. शंभर मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम चहा घ्यावा. खळखळतं पाणी ओतून पाच-दहा सेकंदांत ते पहिलं पाणी फेकावं. मग दहा सेकंदांचा एक हात, आणि पुढे दर हाताला वेळ थोडा वाढवत न्यायचा. बरा चहा आठ-दहा हात सहज देतो. पाणी महत्त्वाचं. इंदूरला १९७८पासून नर्मदेचं पाणी येतं, ते चालतं. बोअरच्या जड पाण्यात चहा मुका होतो. शेवटी भिजलेलं पान बोटांत चोळून बघावं. मऊ राहून उलगडलं तर ठीक. कोळशासारखं कडक राहिलं तर ढिगात करपलेलं समजावं. दुधाचा आग्रह नको, पण फार सोवळंही नको: तिबेटात विटेच्या चहात लोणी-मीठ घालतातच. हाँगकाँगला तळलेल्या-वाफवलेल्या खाण्याबरोबर पु-अर घेतात. इंदूरच्या सराफा बाजारात तळलेला गराडू कंद खाऊन आल्यावर एक वाटी घेऊन पाहा.

साठवणीचं इंदुरात जपावं लागतं. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की चहाचं मुरणंच थांबतं, आणि जुलैत तीच हवा घाम फोडते. झिलई नसलेल्या मातीच्या बरणीत, भिंतीपासून दूर, उन्हाबाहेर चकती ठेवावी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून हुंगावी. स्वयंपाकघरात तर मुळीच नको. हा चहा आजूबाजूचे वास ओढून घेतो, आणि जिरावण मसाल्याच्या वासाचा पु-अर कोणी पिऊ नये.

खरेदीचं म्हणाल तर अख्खी ३५७ ग्रॅमची चकती घेण्याआधी पंचवीस ग्रॅमचा नमुना मागा. देत नसेल तर उठा. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक हवाच. चरबी उतरते वगैरे ऐकलं की पैशांचं पाकीट खिशातच ठेवा. आणि ओळखीतला आहे म्हणून भीड धरू नका. तो धरत नाही.

मुरलेल्या चहाचीच हौस असेल तर चीनपर्यंत जायचंही कारण नाही. आसाम-अरुणाचलातले सिंगफो लोक भाजून वाळवलेली पानं बांबूच्या नळीत ठासतात आणि चुलीवर धुरी देऊन वर्षानुवर्षं टिकवतात. त्याला ते ‘फालाप’ म्हणतात. झाड युन्नानमधल्या मोठ्या पानाच्याच जातीचं. १८२३मध्ये स्कॉटिश व्यापारी रॉबर्ट ब्रूसला आसामात चहा दाखवला तो बेसा गाम या सिंगफो प्रमुखाने. नंतर एकदा लेखकाने त्या इंदुरी गृहस्थासमोर फालापचं नाव काढलं. त्याने नाक मुरडलं आणि म्हणाला, ‘वो तो देसी है।’