कॅन्सरची तपासणी : कायदा काय देतो, विमा काय देतो?

लवासाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तेथील एका हॉटेलात त्या साफसफाईचे काम करतात आणि मोसे खोऱ्यातल्याच एका गावात राहतात. वय ४२. त्या लिहितात, "डॉक्टरबाई, आमच्या शेजारणीला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, पण फार वाढल्यावर कळला. मला तसा काही त्रास नाही. तरी मी तपासून घ्यावे का? आमच्याकडे सरकारी योजनेचे कार्ड आहे, त्यात ही तपासणी होते का? आणि अशी तपासणी करण्याचा काही कायदा आहे का?"

तिन्ही प्रश्न फार मोलाचे आहेत. थोडक्यात उत्तर असे : तपासून जरूर घ्यावे. तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे, पण ती कार्डामुळे नव्हे. आणि तसा कायदा नाही. आता हे सविस्तर पाहू.

कायदा काय सांगतो?

आपल्या राज्यघटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात अनेक राज्यांनी कायदे करून विमा कंपन्यांना स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा खर्च देणे भाग पाडले. पुढे २०१० च्या आरोग्य कायद्याने तेथील बहुतेक विमापत्रांत अशा तपासण्या रुग्णाच्या खिशाला चाट न लावता देणे बंधनकारक झाले. आपल्याकडे विमा कंपन्यांवर असे बंधन नाही.

आपल्याकडे आहे तो सरकारी कार्यक्रम. केंद्र सरकारने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार अशा आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१६ मध्ये त्यात तपासणीचे नियम ठरले. ते असे की, ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची आणि त्याच वयाच्या पुरुषांची तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील सेवा मोफत केल्या आहेत. म्हणजे सोय आहे आणि पैसेही लागत नाहीत.

मग अडले कुठे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाली आहे का? देशभरात शंभरात दोघींनीही 'हो' म्हटले नाही. स्तनांची आणि तोंडाची तपासणी झालेल्या तर शंभरात एकही भरल्या नाहीत. कागदावर नियम आहे, पण तपासणीच्या टेबलापर्यंत बाई पोहोचत नाही, अशी ही स्थिती आहे.

विमा केव्हा उपयोगी पडतो?

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्या जोडीला आली. २०२३ मध्ये राज्य सरकारने सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे उपचार यादीतील रुग्णालयांत या योजनेतून होतात. रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड व आधार दाखवले की पुढचे मार्गदर्शन तो करतो.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही योजना मुख्यतः रोग निघाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे. काहीही त्रास नसलेल्या बाईची तपासणी हा तिचा विषय नाही. 'कार्ड आहे, मग काळजी नाही' असे म्हणून कित्येक जण स्वस्थ बसतात. कार्ड खर्च उचलते, पण रोग कोणत्या टप्प्यावर सापडेल हे कार्ड ठरवत नाही.

ज्यांनी खासगी विमा काढला आहे त्यांनीही दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली, आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी थांबायला लावते. २०२४ च्या नियमानुसार ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. दुसरी गोष्ट फारच कमी लोकांना ठाऊक असते. 'गंभीर आजार' नावाचे विमापत्र कर्करोग झाल्यास एकरकमी पैसे देते, परंतु विमा नियामकाने ठरवलेल्या व्याख्येत अगदी सुरुवातीचा, आजूबाजूच्या भागात न शिरलेला रोग धरलेला नाही. गर्भाशयमुखावरील कर्करोगपूर्व बदलही त्यात येत नाहीत. यामुळे नाराज होऊ नये. ज्या टप्प्यावर ते विमापत्र पैसे देत नाही, त्याच टप्प्यावर उपचार सर्वांत सोपा, स्वस्त आणि यशस्वी असतो. नोकरदार वाचकांसाठी आणखी एक माहिती : जुन्या करपद्धतीत प्रतिबंधक आरोग्य तपासणीच्या खर्चावर ५००० रुपयांपर्यंत सवलत मिळते.

त्रास नसताना तपासणी कशाला?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर तेथील पेशींत हळूहळू बदल होतात आणि त्याचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. या सर्व काळात बाईला काहीही त्रास नसतो. म्हणजे निसर्गाने आपल्याला दहा वर्षांची मुदत दिलेली असते आणि आपण ती त्रास होण्याची वाट पाहण्यात घालवतो.

याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही, तो आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना लक्षणे समजावून सांगत. एवढ्यानेच काही वर्षांत लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. कोणतेही महागडे यंत्र नव्हते, नुसते समजावून सांगणे होते.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे चार गट केले होते. आठ वर्षांनंतर, २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी देऊ केली होती, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच स्त्रियांच्या गटात ६४ मृत्यू झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी साध्या व्हिनेगरच्या तपासणीने हे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले. या सेविका डॉक्टर नव्हत्या, हे विशेष.

तपासणी कशी होते?

पुष्कळ भगिनी भीतीने आणि संकोचाने टाळतात, म्हणून स्पष्टच सांगते.

गर्भाशयमुख : व्हिनेगरमध्ये असते तेच सौम्य आम्ल कापसाने गर्भाशयाच्या तोंडाला लावतात आणि मिनिटभर थांबून पाहतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. भूल लागत नाही, काप घेत नाहीत आणि थोड्या मिनिटांत काम होते. पाळीच्या दिवसांत जाऊ नये. पाळी कायमची गेल्यानंतर ही पद्धत कमी भरवशाची ठरते, त्यांनी पॅप किंवा एचपीव्ही चाचणीविषयी विचारावे. पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ.

स्तन : प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर हाताने तपासतात. लक्षात ठेवा, सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही म्हणून दाखवली नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

तोंड : बॅटरीच्या उजेडात गाल, जीभ व हिरड्या पाहतात. मशेरी लावणाऱ्या आयाबायांनी ही तपासणी अवश्य करावी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. ती दातांचे औषध नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि २००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा आहे. पण घरच्या डब्यातील मशेरीपर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही.

लवासा-मुळशीकरांनी कोठे जावे?

लवासा हे नाव शहराचे असले, तरी दासवे, मुगाव आणि खोऱ्यातील इतर गावांना आधार जिल्हा परिषदेच्या आरोग्य व्यवस्थेचाच आहे. प्रथम गावच्या आशाताईंना गाठावे. ३० वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात. त्यात तंबाखू, गाठ, रक्तस्राव, तोंडातील जखम यांची चौकशी असते. आपला फॉर्म भरला आहे का, हे हक्काने विचारावे. मग उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा वार विचारून जावे. पुढील तपासासाठी पौडचे ग्रामीण रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. घाट उतरून जायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, हे मला माहीत आहे. म्हणून चार-पाच जणींनी मिळून जावे. सोबत असली की संकोचही कमी होतो. पाच वर्षांत एक रोज बुडाला तर चालेल.

हॉटेल आणि बांधकामाच्या मालकांनाही विनंती की, वर्षातून एक दिवस आरोग्य केंद्राच्या पथकाला कामाच्या ठिकाणी बोलवावे आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.

घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते.

पुढील लक्षणे असतील तर मात्र तपासणीच्या वाराची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे :

१. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव.
२. दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे.
३. स्तनात गाठ, बोंडातून रक्त येणे किंवा स्तनाच्या आकारात बदल.
४. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे.

कायदा उद्या होईल तेव्हा होईल, विमा रोग झाल्यावर धावून येईल. त्याच्या आधीचे पाऊल मात्र आपले आपणच टाकायचे आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक वाचक भगिनीने या महिन्यातच एक वार ठरवावा आणि जाताना शेजारणीलाही बरोबर न्यावे.