रुई : ओळख आणि उपद्रव

पुलाची शिरोली येथील औद्योगिक वसाहतीच्या आसमंतात ज्यांच्या शाळा आहेत, त्या शिक्षकांस वनस्पतिपाठासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मोकळा भूखंड, भरावाची माती, महामार्गाची मुरमाड कड हीच रुईची आवडती जागा होय. मारुतीच्या गळ्यातील माळेमुळे ही वनस्पती मुलांच्या परिचयाची असते. परंतु परिचय म्हणजे ओळख नव्हे. ‘ही रुईच कशावरून?’ असे विचारताच वर्गात शांतता पसरते, असा बहुतेकांचा अनुभव असेल.

प्रथम पान पाहावे. ते जाड, जवळजवळ बिनदेठाचे असून खालच्या अंगास पिठूळ पांढरी लव असते. पाने समोरासमोर जोडीने येतात. ही खूण मुलांकडून पक्की करून घ्यावी, कारण ओढ्याकाठची बेशरमही चीक देते व पुष्कळांची फसगत करते. बेशरमीची पाने देठाची, हृदयाकृती व एकाआड एक असतात आणि फूल फिकट गुलाबी नरसाळ्यासारखे असते. शिवाय ती अमेरिकेतून आलेली पाहुणी. रुई मात्र याच भूमीची.

रुईच्याही दोन जाती आहेत. मोठ्या रुईच्या जांभळट किंवा पांढऱ्या पाकळ्या पसरट उघडतात. दुसरीच्या पाकळ्या उभ्या व टोकाशी गडद जांभळ्या असतात. फुलाच्या मध्यभागी मुकुट असतो. येथील पराग सुटी धूळ नसून लहान पुंजक्यांच्या रूपात असतात व ते भुंग्याच्या पायांस अडकून दुसऱ्या फुलावर पोहोचतात. बोंड तडकले की रेशमी तंतूंची ‘म्हातारी’ बी घेऊन वाऱ्यावर निघते. मुले तिच्यामागे धावतात, त्यांना ती बी कोठे रुजेल हे विचारावे.

येथेच तणाचा प्रश्न उपस्थित होतो. गुरे रुईला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यामुळे अतिचराई झालेल्या गायरानात गवत संपते आणि रुई उरते. मूळ खोल जाते व बुंध्याशी तोडल्यास पुन्हा फुटते. दुसरी, लहान जात उत्तर ऑस्ट्रेलियाच्या कुरणांत उपद्रवी तण ठरली आहे. आपल्याकडे दोष झाडाचा थोडा व उघड्या टाकलेल्या जमिनीचा अधिक, असे आमचे मत आहे.

म्हणून सरसकट उच्चाटन सुचवावेसे वाटत नाही. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या रुईची पाने खाऊन वाढतात. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नाकतोडाही याच झाडावर सापडतो. कुंपणाबाहेरचे एखादे झाड राखून पाठासाठी उपयोगात आणावे. क्रीडांगणावरील रोपे मात्र पावसाने माती मऊ झाल्यावर, बोंडे धरण्यापूर्वी, मुळासकट खणून काढावीत. हे काम मोठ्या माणसांनी करावे.

कारण चीक. काटा रुतल्यास त्यावर रुईचा चीक लावण्याची रीत खेडोपाडी आहे. मूल चीक लावते आणि त्याच बोटाने डोळा चोळते. चिकातील विषारी द्रव्ये बुबुळाच्या पारदर्शक पडद्यास इजा करतात. पुष्कळदा प्रारंभी दुखत नाही, केवळ अंधुक दिसू लागते. त्यामुळे घरची मंडळी दिरंगाई करतात. असे घडल्यास डोळा उघडा धरून किमान 15 मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावा, दुसरे काहीही घालू नये, आणि वेदना नसली तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. चीक पोटात जाणेही घातक आहे.

पाठाच्या वेळी पान शिक्षकांनीच तोडावे, चीक थांबल्यावर पाटीवर ठेवून दाखवावे व मुलांनी ते न हाताळता त्याची आकृती काढावी. शनिवारी माळा ओवणाऱ्या घरांतील मुलांस हात साबणाने धुण्यास त्याच तासाला सांगावे.