सद्भावनेची ढाल : अमली पदार्थांचा कायदा आणि सरकारची जबाबदारी
(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

द्राक्षाचे घड बुडवण्याचा हंगाम आला, की आपल्या निफाड तालुक्यात घरोघरी ‘जी.ए.’च्या पुड्या दिसू लागतात. मणी लांबावेत म्हणून वापरायची ही पांढरी, बारीक भुकटी. काही वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ अशा दोन पुड्या खिशात घालून रात्री मोटारसायकलने घरी येत होता. वाटेत तपासणीला अडवले. पुड्यांवरचे लेबल भिजून गेले होते. भुकटी कसली, हे ठरेपर्यंत त्याला रात्रभर बसवून ठेवले. सकाळी दुकानदाराने पावती दाखवल्यावर सोडले. ‘चूक झाली’ असे कोणी म्हणाले नाही. दादाने मला विचारले, “तू राज्यशास्त्र शिकतो ना? मग सांग, त्या रात्रीचा जाब कोणाला विचारायचा?” त्या प्रश्नापायी जे वाचन घडले, ते येथे मांडतो.

या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’. बोलण्यात त्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात. अफू, गांजा, चरस यांच्याबरोबर एल.एस.डी.सारखे भ्रम उत्पन्न करणारे पदार्थही त्याच्या कक्षेत येतात. ‘एम.डी.’ म्हणजे मेफेड्रोन २०१५ मध्ये यादीत आले. याच कायद्याचे कलम ६९ सांगते, की कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा त्यांचे अधिकारी यांच्यावर दावा, खटला अथवा अन्य कारवाई चालणार नाही.

हे संरक्षण सर्वस्वी अनाठायी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात पोलिसांनी एम.डी.चा कारखानाच पकडला. अशा जागी शिरणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात दाव्याची धास्ती असेल, तर तो पाऊल उचलणारच नाही.

परंतु ‘सद्भावना’ म्हणजे काय? येथे दोन कायदे दोन अर्थ सांगतात. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५२ प्रमाणे योग्य काळजी व लक्ष न देता केलेले कृत्य सद्भावनेचे ठरत नसे. (२०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच कल्पना आहे.) याउलट १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम म्हणतो, की कृत्य प्रामाणिकपणे केले असेल तर ते सद्भावनेचे, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. एनडीपीएस कायद्यात स्वतंत्र व्याख्या नसल्याने ही दुसरी, सैल व्याख्या पुढे येते. म्हणजे अधिकारी निष्काळजी असला तरी प्रामाणिक असल्यास ढाल त्याच्या हातात राहते.

कायद्यात दुसरी बाजूही आहे. कलम ५० प्रमाणे अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, आणि तो सांगणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात ठरवले. दादाला हे कोणी सांगितले नव्हते. कलम ५८ प्रमाणे विनाकारण, छळाच्या हेतूने झडती वा अटक करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र छळाचा हेतू सिद्ध करायचा कोणी? ज्याला रात्रभर बसवले त्यानेच.

सरकारच्या जबाबदारीचा इतिहासही वळणावळणाचा आहे. कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांच्या ताब्यातून सोने नाहीसे झाले, तरी सार्वभौम सत्तेचे काम म्हणून सरकार सुटले. पुढे १९८३ मध्ये रुदुल साह याला निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात ठेवल्याबद्दल न्यायालयाने भरपाई देवविली. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा खटल्यात तर स्पष्ट झाले, की मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही.

परदेशातही हाच पेच दिसतो. अमेरिकी लष्कराने १९५८ मध्ये जेम्स स्टॅन्ले या सैनिकाला न सांगता एल.एस.डी. दिले. त्याला ते कळले १९७५ मध्ये. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. पुढे त्याला भरपाई मिळाली ती संसदेने केलेल्या खास कायद्यामुळे.

या सर्वांवरून माझे मत असे झाले आहे. कलम ६९ एकाच वाक्यात अधिकारी आणि सरकार या दोघांना झाकते, तेथेच गफलत आहे. प्रामाणिक चुकीची शिक्षा अधिकाऱ्याला होऊ नये, हे ठीक. पण त्या चुकीचे नुकसान निरपराध माणसाने का सोसावे? ते राज्याने भरून द्यावे. तसे झाले तर अधिकाऱ्याचा हातही अडणार नाही आणि नागरिकही वाऱ्यावर सुटणार नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ मध्ये याच निफाडात जन्मले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या गावच्या मुलांना कायद्याची भीती वाटण्यापेक्षा त्याची माहिती असावी. दादाला मी इतकेच सांगितले, की मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. दादा म्हणाला, “मुंबईला जायला किती दिवस मोडतील? बाग कोण बघेल?” या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.