म्हशींची देवी आणि धार काढणारे हात

सन २०२२ मध्ये लम्पी रोगाने बुलढाणा जिल्ह्यातील पुष्कळ गुरे दगावली, तेव्हा हा रोग माणसांस होतो काय, हा प्रश्न गावोगावी विचारला जात होता. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. लम्पीचा विषाणू माश्या, डास व गोचीड यांच्या द्वारे गुरांत पसरतो. माणसास तो बाधत नाही. परंतु एवढ्यावरच पाठ संपविल्यास गुरांचा कोणताच फोड माणसास बाधत नाही, अशी मुलांची समजूत होऊन बसेल, आणि ती खरी नाही.

म्हशींच्या देवीचे उदाहरण येथे द्यावे. या रोगात सडांवर व कासेवर फोड उठतात. धार काढणाऱ्याच्या हातास लहानशी चीर असली तरी तेवढ्या वाटेने विषाणू अंगात शिरतो. हातावर फोड येतात, ताप भरतो, काखेत गाठ येते. बहुधा काही आठवड्यांत खपली धरून माणूस बरा होतो. तथापि त्याच हातांनी दुसरी म्हैस पिळली गेल्यास रोग तिच्याकडे जातो. सन १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात या रोगाच्या साथी झाल्या. २००९ साली सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींबरोबर माणसांसही तो झाला.

या विषाणूचे कूळ मोठे बोधप्रद आहे. १७९६ साली इंग्लंडात जेन्नरने एका गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातील द्रव आठ वर्षांच्या मुलास टोचला व त्यातून देवीच्या लशीचा उगम झाला. पुढे लशीत वापरला गेलेला विषाणू हा म्हशींच्या देवीच्या विषाणूचा अगदी जवळचा आप्त होय. १९८० साली देवीचे निर्मूलन जाहीर झाले आणि देवी टोचणे बंद पडले. म्हणून आजोबांच्या दंडावर वण आहे, नातवाच्या नाही. त्या लशीचे संरक्षणही नातवास लाभलेले नाही. हा वण मुलांनी घरी पाहून यावा. भिंतीवरील तक्त्याहून तो अधिक शिकवील.

पूर्णाकाठच्या गावांत घरच्या धारेस हात लावून शाळेत येणारा मुलगा हातावर फोड घेऊन आल्यास त्यास वर्गापुढे उभे करू नये. त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, पालकांस म्हशीची कास पाहण्यास सांगावे व फोड आढळल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. निरोगी म्हशींची धार आधी, आजारी म्हशीची शेवटी. मध्ये साबणाने हात धुवावे. दूध उकळूनच घ्यावे. हातास जखम असेल त्या दिवशी धार घरातील दुसऱ्या माणसाने काढावी.