विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात प्रबंध दाखल करताना



काही वर्षांपूर्वी विचर्चिकेवरील एक प्रबंध पाहण्यासाठी आम्ही एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो होतो. शोधनानंतर उपशय मिळालेले आमचे काही रुग्ण दर पावसाळ्यात त्याच तक्रारी घेऊन परत येत होते आणि या प्रबंधात रुग्णांचा पाठपुरावा वर्षभर केलेला आहे, असे आमच्या ऐकिवात होते. नोंदवहीत प्रबंधाचे नाव होते, दाखल क्रमांकही होता. कपाटातील जागा मात्र रिकामी होती. ग्रंथपालांनी मोठ्या आस्थेने प्रबंधासोबत आलेली सीडी शोधून काढली, परंतु ती तेथील एकाही संगणकावर उघडली नाही. पुढे प्रबंधकर्त्या वैद्यांचा ठावठिकाणा लागला, तेव्हा त्यांच्याकडील प्रत वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्याचे कळले. व्याधीचा पुनरुद्भव कोणत्या रुग्णांत झाला व कोणत्या रुग्णांत झाला नाही, याविषयी त्यांनी जे पाहिले त्यातले आज त्यांच्या स्मरणात आहे तेवढेच शिल्लक आहे.

यानंतर काही काळाने आमच्या स्नेही असलेल्या एका वैद्यभगिनींनी विद्यावाचस्पती पदवीसाठी आपला प्रबंध पूर्ण केला. आमचे स्वतःचे शिक्षण बी.ए.एम.एस.पर्यंतचे, तथापि संगणकाची थोडी सवय असल्याने प्रबंधाची डिजिटल प्रत तयार करण्याचे काम त्यांनी आमच्यावर सोपविले. ते करताना जे शिकलो, जेथे चुकलो, ते येथे मांडीत आहोत.

भांडार म्हणजे काय

विद्यापीठाचे डिजिटल भांडार म्हणजे केवळ संगणकात साठविलेल्या फायलींचा ढीग नव्हे. प्रत्येक प्रबंधाची तेथे एक ओळखनोंद असते, तिला कायमचा क्रमांक मिळतो आणि जगातील कोणीही, कोणत्याही वेळी, शुल्क न देता तो प्रबंध वाचू शकतो. आपल्या देशात या कार्याचे मुख्य स्थान म्हणजे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राची ‘शोधगंगा’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमाने एम.फिल. व पीएच.डी.च्या प्रबंधांची संगणकीय प्रत देणे विद्यापीठांना बंधनकारक केले. त्या वेळी पदवी घोषित झाल्यानंतर ३० दिवसांची मुदत होती. २०१६ च्या विनियमाने ही प्रत पदवी घोषित होण्यापूर्वीच देण्याचे ठरविले. शोधगंगा ज्या संगणक प्रणालीवर चालते ती ‘डीस्पेस’ २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या ग्रंथालयांनी व ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने मिळून सिद्ध केली आणि ती विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रबंध तेथे एकसंध जात नाही. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची व परिशिष्टे अशा स्वतंत्र पीडीएफ फायली कराव्या लागतात. त्यांच्या नावांच्या आरंभी ०१, ०२ असे क्रमांक घालावयाचे असतात आणि फायलीस संकेतशब्दाचे कुलूप लावावयाचे नसते. विद्यापीठातील समन्वयक हे सर्व समजावून देतात, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. ते जे सांगू शकत नाहीत ते आपल्या शास्त्राशी निगडित आहे आणि तेथेच आयुर्वेदाचे प्रबंध हरवतात.

द्रव्याचे व व्याधीचे नाव

ओळखनोंदीत शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग, वर्ष, सारांश आणि शोधशब्द ही माहिती भरावी लागते. वाचक प्रबंधापर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा याच वाटेने. आता ‘आमवात’ हा शब्द रोमन लिपीत कसा लिहिला जातो ते पाहावे. कोणी आरंभी एक ‘ए’ घालतो, कोणी दोन; कोणी मधला ‘ए’ गाळतो, कोणी शेवटचा. एकाच व्याधीवरचे प्रबंध अशा चारपाच वर्तनींत विखुरतात आणि एका वर्तनीने शोधणाऱ्यास दुसऱ्या वर्तनीचा प्रबंध दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे. शोधशब्दांत देवनागरी रूप, प्रचलित रोमन रूपे आणि जेथे तुल्य मानला जातो तेथे आधुनिक व्याधीचे नाव, ही सर्व द्यावीत. आयुष मंत्रालयाच्या २०१७ च्या ‘नमस्ते’ संकेतस्थळावर व्याधींचे प्रमाणित शब्द व संकेतांक आहेत. त्यांतील शब्द घातल्यास अधिक बरे.

द्रव्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून कोठे बकोपा मोनिएरी वापरली जाते, कोठे सेंटेला एशियाटिका. शंखपुष्पीच्या नावाखाली कन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि क्लिटोरिया या तिन्ही वनस्पती बाजारात येतात. रास्नेची कथा तर आपण सर्व जाणताच. शीर्षकात केवळ ‘शंखपुष्पी चूर्णाचा अनिद्रेवरील परिणाम’ असे असेल, तर वाचणाऱ्या फार्मसीचालकाने कोणती वनस्पती खरेदी करावी? वनस्पतिशास्त्रीय नाव प्रबंधाच्या पोटात चौथ्या प्रकरणात दिलेले असते. ते ओळखनोंदीत व सारांशात आलेच पाहिजे. कोणता अंग वापरला, मूळ की पंचांग, हेही. ज्या औषधावर प्रयोग झाला त्याचा बॅच क्रमांक व विश्लेषणाचा अहवाल परिशिष्टात असल्यास तो प्रबंध उत्पादकाच्या खऱ्या उपयोगाचा होतो.

लिपीचा घोटाळा

आमच्या वैद्यभगिनींनी प्रबंधाचा काही भाग जुन्या टंकलेखकाकडून श्रीलिपीत करून घेतला होता. छापील कागदावर अक्षर सुबक दिसत होते. पीडीएफमध्येही दिसत होते. परंतु त्यातील एक श्लोक उचलून दुसरीकडे ठेवला, तेव्हा देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटली. जुने फाँट डोळ्यांना देवनागरी दाखवितात, संगणकाच्या लेखी तेथे देवनागरी नसतेच. असा प्रबंध भांडारात असूनही मराठी वा संस्कृत शब्दाने सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून देणारी साधने मिळतात. मात्र रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे व अवग्रह यांची ओळ न् ओळ तपासावी लागते. या कामास आम्हांस तीन आठवडे लागले. ते कंटाळवाणे आहे हे नाकारत नाही.

जुन्या प्रबंधांची पाने स्कॅन करून अक्षर-ओळख साधनाने वाचविली तर आणखी एक गंमत होते. संगणकास ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही. आम्ही घेतलेल्या एका चाचणीत ‘घृत’ सर्वत्र ‘धृत’ झाले आणि पाषाणभेदाचा ‘पाषाणमेद’. हसू आले खरे. पण मेद आणि भेद यांतील अंतर वैद्यास सांगावयास नको.

रुग्णाची ओळख

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. आपल्या प्रबंधांच्या शेवटी केसपेपर, संमतिपत्रे, रुग्णांची तालिका आणि व्याधीपूर्व-व्याधीपश्चात छायाचित्रे जोडण्याची प्रथा आहे. प्रबंध कपाटात असेपर्यंत ती चार परीक्षकांनी पाहिली असतील. भांडारात गेल्यावर ती कोणासही दिसतात. नाव, गाव, वय, व्यवसाय, दूरध्वनी क्रमांक आणि शेजारी लिहिलेले ‘रजोविकार’ किंवा ‘क्लैब्य’. लहान तालुक्याच्या गावी याचा अर्थ काय होतो, हे आपल्यासारखे गावात राहणारे वैद्यच जाणतात.

आम्ही परिशिष्टातील प्रत्येक नावावर संगणकात काळी पट्टी टाकली व काम झाले असे समजून फायली वैद्यभगिनींकडे पाठविल्या. त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याने सहज त्या पट्टीवरून माऊस फिरवून मजकूर उचलला आणि दुसऱ्या पानावर ठेवला. पट्टीखालची सर्व नावे जशीच्या तशी बाहेर आली. फायली अद्याप विद्यापीठात गेल्या नव्हत्या, एवढेच आमचे दैव. काळी पट्टी ही चित्रासारखी वर ठेवलेली असते. खालचे अक्षर तसेच राहते. म्हणून नावे मूळ फायलीतूनच पुसून त्या जागी रुग्ण क्रमांक घालावा आणि नंतर नव्याने पीडीएफ करावी. केसपेपर हस्तलिखित असतील, तर छायाप्रतीवर शाईने नाव झाकून ती प्रत स्कॅन करावी. छायाचित्रांत चेहरा, गोंदण, दागिने दिसू नयेत. भरलेली व सही केलेली संमतिपत्रे भांडारात देऊच नयेत. कोरा नमुना पुरेसा आहे. अशा फेरबदलास मार्गदर्शकांची व विद्यापीठाची अनुमती आधी घ्यावी, कारण परीक्षकांनी संमत केलेल्या प्रतीत परस्पर बदल करणे योग्य नव्हे.

रुग्णाने उपचारास व अभ्यासास दिलेली संमती ही आपले नाव जगापुढे यावे यासाठी दिलेली नसते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास केलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची आज्ञा आहेच. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने आता देशाच्या कायद्यातही अशा माहितीच्या रक्षणाची तरतूद झाली आहे.

हक्क, पेटंट व फार्मसी

भांडारात प्रबंध दिला म्हणजे लेखकाचा हक्क गेला, असा एक समज आढळतो. शोधगंगेस दिलेली अनुमती अनन्य स्वरूपाची नसते. संशोधक त्याच प्रबंधावरून लेख वा पुस्तक सिद्ध करू शकतो. साहित्यचौर्याविषयी आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत व १० टक्क्यांपर्यंतचे साम्य त्यांत दंडनीय मानलेले नाही. संहितेतील श्लोक अवतरणचिन्हांत व स्थळनिर्देशासह दिल्यास त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

औषध पुरविणाऱ्या फार्मसीचालकांनी मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. प्रक्रियेत काही नवे असेल व त्याचे पेटंट घ्यावयाचे असेल, तर अर्ज आधी आणि प्रबंध नंतर. एकदा सर्वांसाठी खुले झालेले ज्ञान नवे राहत नाही. हाच नियम दुसऱ्या बाजूने आपले रक्षणही करतो. हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने छापील पुरावे सादर केल्यावर ते १९९७ साली रद्द झाले. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी हळद लावली जाते, एवढे सांगून भागले नसते. तारखेसह, उघड उपलब्ध असा कागद दाखवावा लागला. भांडारातील प्रबंधास अशी तारीख असते. औषध नियमांत २०१० साली आलेल्या १५८-ब नुसार परवान्यासाठी औषधाच्या प्रकारानुसार सुरक्षितता व परिणामकारकता यांचे पुरावे मागितले जातात. एखादा प्रबंध त्यासाठी ग्राह्य धरावयाचा की नाही हे परवाना अधिकारी ठरवितात. जो सापडतच नाही, त्याचा विचार होण्याचा प्रश्नच नाही.

औषध आमचे, म्हणून प्रतिकूल निष्कर्ष दडवून ठेवा, अशी अपेक्षा करणे मात्र आमच्या मते सर्वथा अनुचित आहे. ज्या मात्रेत औषध लागू पडले नाही ती मात्राही दुसऱ्या वैद्यास कळली पाहिजे.

एम.डी.चे लघुप्रबंध

वरील विनियमात एम.डी.च्या लघुप्रबंधांचा समावेश नाही आणि आपल्या शास्त्रातील बहुतांश रुग्णालयीन अभ्यास तर तेथेच झालेले आहेत. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वीचे प्रबंध पुणे, मुंबई, नागपूर आदी विद्यापीठांच्या नावे आहेत, म्हणजे जुना प्रबंध नेमका कोठे शोधावा येथपासून अडचण. ज्यांच्या घरी अशी प्रत असेल त्यांनी ती आताच स्कॅन करून घ्यावी व आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांशी बोलावे. विद्यापीठाचे दार उघडत नसेल, तर युरोपातील सर्न ही संस्था २०१३ पासून ‘झेनोडो’ नावाचे भांडार चालविते. तेथे कोणीही संशोधक विनाशुल्क आपले काम ठेवू शकतो व त्यास कायमचा क्रमांक मिळतो. विद्यापीठाची अनुमती व रुग्णांविषयीची दक्षता येथेही तितकीच आवश्यक.

आमच्या वैद्यभगिनींचा प्रबंध यथावकाश शोधगंगेवर आला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तो तीन शब्दांनी शोधला: व्याधीच्या देवनागरी नावाने, मुख्य द्रव्याच्या वनस्पतिशास्त्रीय नावाने आणि त्यांच्या स्वतःच्या नावाने. पहिल्या दोन्ही शब्दांनी तो मिळाला. तिसऱ्याने मिळाला नाही, कारण नोंदीत त्यांच्या माहेरच्या आडनावाची वर्तनी चुकली होती. समन्वयकांना पत्र लिहिले आणि त्यांनी ती दुरुस्त करून दिली.