लग्नातली शिफ्ट आणि व्हिसाचे तास

इंग्लंडला एमएस्सीसाठी निघालेली आमच्या कोराडीची पोरं-पोरी, त्यातली बरीचशी वीज केंद्राच्या वसाहतीतली, घरी येतात आणि आधी हेच विचारतात, ‘ताई, तिकडं काम लगेच भेटते का?’ भेटतं. लेस्टरमध्ये मी शिकत होते तेव्हा गुजराती, पंजाबी लग्नांत वाढायला, भांडी उचलायला माणसं कायम हवी असत. ते काम मला आवडायचंही. पण त्यात माणूस कसा अडकतो, हे मी जवळून पाहिलंय. निघण्याआधीच ते माहीत असलेलं बरं.

खरी अडचण तासांची. स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेताना सत्र चालू असेल तर आठवड्याला २० तासच काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात जास्त, पुढच्यात कमी, अशी सरासरी चालत नाही. लग्नाची शिफ्ट मात्र सकाळी गोदामावर भांडी गाडीत भरण्यापासून सुरू होते आणि मध्यरात्री हॉल आवरून संपते. शनिवारी लग्नाचे बारा तास, रविवारी रिसेप्शनचे दहा; झाले बावीस. मधल्या वारी एखाद्या दुकानात उभे राहत असाल तर तेही यातच मोजायचे. बिनपगारी काम केलं, तरी ते मोजलं जातं.

उन्हाळ्यात सुट्टी असते, असं कुणी सांगेल. पदवीच्या मुलांना असते. एक वर्षाच्या मास्टर्सला जून ते सप्टेंबर हा प्रबंधाचा काळ, आणि तो सहसा सत्रातच धरतात. लग्नांचा हंगामही नेमका तेव्हाच. ‘सगळेच करतात’ असं म्हणणारे तेव्हाच भेटतात. त्यांचं ऐकू नका बाबांनो. नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि आईवडिलांनी इथं काढलेलं कर्ज तसंच उरतं. मालकालाही २०२४ पासून पहिल्याच चुकीला एका बेकायदा कामगारामागे ४५ हजार पाउंडांपर्यंत दंड आहे, म्हणून चांगला मालक स्वतःच सत्राच्या तारखा मागतो.

आमचा केटरिंगचा कंत्राटदार तसा नव्हता. ‘कागदावर वीस दाखवू, वरचे रोख देतो,’ असं तो सांगायचा. मी नाही म्हटलं. सोबतच्या एका मुलानं हो म्हटलं, आणि त्याचे रोखीचे पैसे लटकले ते लटकलेच. जे तास कागदावरच नाहीत, त्यांचे पैसे तो मागणार तरी कसे? दुसऱ्या एकीपुढे कंत्राटदारानं ‘सेल्फ-एम्प्लॉइड’ असल्याचा फॉर्म ठेवला. त्यावर सही मुळीच करू नका. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाईच आहे.

२१ वर्षं पूर्ण झालेल्याला एप्रिल २०२५ पासून ताशी किमान १२.२१ पाउंड ठरले. हा दर प्रत्येक एप्रिलला बदलतो, तेव्हा जाताना ताजा बघून घ्या. गणवेशाचे पैसे कापून त्याखाली जाता येत नाही. पेस्लिप तुमचा हक्क आहे, आणि तासावर पगार असेल तर तिच्यावर तास छापलेले हवेत. सहा तासांहून मोठ्या शिफ्टला २० मिनिटांची विश्रांतीही कायद्यानं मिळते. शिफ्ट कधी सुरू झाली, कधी संपली, हे त्याच रात्री स्वतःच्या वहीत लिहा. पैसे अडले तर एकास (Acas) नावाची सरकारी संस्था फोनवर फुकट सल्ला देते.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. कोराडीच्या जगदंबेच्या महाप्रसादात तुम्ही कितीही वाढलं असेल, तरी तिकडच्या लग्नात पाहुण्यानं ‘यात काय आहे?’ विचारलं तर अंदाजानं उत्तर देऊ नका. ब्रिटनच्या कायद्यात ॲलर्जीचे १४ पदार्थ आहेत. त्यांत शेंगदाणे, तीळ आणि मोहरी आहेत, म्हणजे आपलं दाण्याचं कूट आणि फोडणीच. बाजारातल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. आमच्यातल्या एकानं एका बाईंना ‘नट्स नाहीत’ असं सांगून टाकलं होतं. आचारी धावत आला म्हणून ताट परत गेलं. बारा तास उभं राहून कंटाळलात तरी आत जाऊन आचाऱ्याला विचारा, आणि त्यालाही ठाऊक नसेल तर तसं सरळ सांगा.

विद्यापीठाकडून सत्राच्या तारखांचं पत्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. ते हातात आल्याशिवाय कोणत्याही कंत्राटदाराला तारीख देऊ नका.